टक्का

मामाच्या जिभेच्या कडेला जखम झाली होती. "दाढ घासतेय," म्हणत त्याने दोन महिने काढले. तंबाखू-चुना चालूच. बायोप्सीत कॅन्सर निघाला. "लवकर सापडला," डॉक्टर म्हणाले. आकार दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी.

कोणता ग्राहक ॲप सोडून जाईल याचा अंदाज बांधणारी मॉडेल्स बनवणं, हे माझं काम. त्यामुळे घरातल्यांनी सगळे रिपोर्ट मलाच फॉरवर्ड केले.

मला वाटलेलं, गाठ लहान म्हणजे धोका कमी. पण ती आत किती खोल गेलीय, हेही तितकंच महत्त्वाचं असतं. २०१८पासूनच्या स्टेजिंगमध्ये ही खोली धरतात. ती ५ मिलिमीटरच्या पुढे गेली, की एवढीशी गाठही टी-वनची टी-टू होते. जितकी खोल, तितकी मानेतल्या ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचण्याची शक्यता जास्त. एमआरआयमध्ये मामाची खोली ७ मिलिमीटर होती.

डॉक्टर म्हणाले, जिभेबरोबर मानेतल्या ग्रंथीही काढू.

"मानेत काही दिसत नाही म्हणतात, मग मान कशाला कापायची?" मामाने मला विचारलं.

याचं उत्तर मुंबईतच शोधलं गेलंय. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे रुग्ण, त्यात बहुतेक जिभेचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाच्या मानेचं ऑपरेशन लगेच, दुसऱ्याचं मानेत गाठ आली तरच. २०१५मध्ये ५०० जणांचे निकाल छापून आले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के लोक जिवंत होते, दुसऱ्यात ६७.५.

"म्हणजे माझा टक्का ऐंशी?"

मी 'हो' म्हणणार होतो. "नाही मामा. शंभरातले ऐंशी जण."

"आणि मी त्या ऐंशीत का विसात?"

ऑफिसात माझा अंदाज चुकला, तर एक डिस्काउंट कूपन वाया जातं. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "कापू दे मान."

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये एका ग्रंथीत कॅन्सर सापडला. जेमतेम ३ मिलिमीटर. बाहेरून हाताला लागलाच नसता. मग रेडिएशनही घ्यावं लागलं.

आता मामाला 'र' नीट म्हणता येत नाही. तरी तो टाइप करत नाही, व्हॉइस नोटच पाठवतो. शेवटी दर वेळी विचारतो, "किती टक्के कळलं?"

मी दोनदा ऐकतो. मग लिहितो, "शंभर."