निराकाराचें मोल

चित्र समोर आलें कीं, “यांत काय काढलें आहे?” हा प्रश्न आपल्याकडे प्रथम निघतो. रविवर्म्याच्या चित्रांवर पोसलेल्या दृष्टीस तो सुचावा हें स्वाभाविकच आहे. परंतु वासुदेव गायतोंडे यांच्या उत्तरकालीन चित्रांपुढें त्यास उत्तर मिळत नाहीं. १९२४ सालीं नागपुरास जन्मलेल्या आणि १९४८ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून बाहेर पडलेल्या या चित्रकारानें पुढें आकृति हळूहळू टाकूनच दिली. उरला तो रंग, उजेड आणि न वाचतां येणाऱ्या लिपीसारख्या कांहीं खुणा.

अशा चित्राचें मोल ठरवावें कसें? बाजारानें आपल्यापुरतें तें ठरविलें आहे. २०१३ सालीं मुंबईंतील लिलावांत त्यांच्या १९७९ च्या एका चित्रास २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. पुढल्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. तेव्हांपासून थट्टा करणारे पुष्कळसे गप्प झाले. पण चित्राकडे न पाहतांच ‘अध्यात्म’ म्हणून हात जोडणारे वाढले. पाहण्याचे श्रम दोघेही चुकवितात, असें आम्हांस वाटतें.

या कामीं मळवली स्टेशनाजवळचें भाज्याचें लेणें आम्ही गुरुस्थानीं मानतों. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या त्या चैत्यगृहांत आंत कललेले अष्टकोनी खांब, छताला लांकडी फांसळ्या आणि शेवटीं एक साधा स्तूप आहे. त्यावर बुद्धमूर्ति नाहीं. दर्शनी भागाचें लांकूडकाम केव्हांच नाहींसें झाल्यामुळें पश्चिमेचा उजेड मोकळेपणें आंत येतो. एकदां मावळच्या पावसानें आम्हांस तेथें तासभर अडकवून ठेविलें. ढग दाटत, विरळ होत, आणि त्या उघड्या गोलाईवर छाया इतक्या सावकाश फिरे कीं, पाहतां पाहतां आमचें बोलणें आपोआप थांबलें.

गायतोंडे यांच्या चित्रांतील उजेडही असाच सावकाश उमगतो. रंगाचा थर द्यावा, रोलरनें तो पसरावा, सुरीनें खरवडावा आणि पुन्हां थर द्यावा, अशी त्यांची रीत. झेन विचाराचें त्यांस आकर्षण होतें, आणि चित्रें ते मोजकींच करीत. भाज्याच्या पाथरवटाप्रमाणें त्यांच्या कामांतही काढून टाकण्यास मोठें स्थान आहे.

तथापि साम्य येथेंच थांबतें. स्तूपाभोंवतीं प्रदक्षिणा होती, भिक्षुसंघ होता. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको याच्या चौदा भव्य चित्रांसाठीं ह्यूस्टन येथें स्वतंत्र प्रार्थनामंदिरच उभारलें गेलें. तें १९७१ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, उघडलें. गायतोंडे यांचें चित्र मात्र उघड्या भिंतीवर एकटें असतें. श्रद्धेनें आधीच नम्र केलेला प्रेक्षक त्यास मिळत नाहीं. म्हणून जें द्यावयाचें तें त्यास रंगांतूनच द्यावें लागतें.

यास्तव आमची कसोटी साधी आहे. किंमत व ‘अध्यात्म’ हे दोन्ही शब्द क्षणभर विसरून चित्रापुढें अर्धा तास उभें राहावें, आणि महिन्याभरानें पुन्हां जावें. अनुकरणाचीं रंगीत फलकें दुसऱ्या भेटींत रिकामीं होतात. गायतोंडे यांच्या उत्तम चित्रांत दुसऱ्या भेटीस पहिलीहून अधिक दिसतें. तें ज्यानें स्वतः पाहिलें, त्यासच त्या चित्राची थोरवी सांगण्याचा अधिकार आहे.