सातबारा म्हणजेच डाटाबेस

पोरीला कॉलेजात डाटाबेस शिकवायलेत. तिची वही चाळली अन् वाटलं, हे तर तलाठ्याचं दप्तर!

गाव नमुना ७ मध्ये गटाची मालकी, १२ मध्ये पीक, ८अ मध्ये खातेदाराची गावातली सगळी जमीन, ६ मध्ये फेरफार. तक्ते वेगळे, पण गट नंबर अन् खाते नंबर त्यांना जोडतात. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं ते असंच: प्रत्येक ओळीला स्वतःची खूण, अन् एक माहिती एकाच जागी.

खूण नंबराची लागते, नावाची नाही. एका नावाचे तिघं गावात असतात. माझं नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं. जुळेना म्हणून सोयाबीनचा विमा अडकला.

आता हळदीचा हिशेबही तसाच मांडलाय. व्यापाऱ्यांचा तक्ता वेगळा, पट्ट्यांचा वेगळा. पट्टीसमोर फक्त व्यापाऱ्याचा नंबर. त्याचा फोन बदलला तर एकाच जागी खोडायचं.

तुम्ही बी सातबारा, आधार अन् बँकेतलं नाव आजच जुळवून बघा. विम्याच्या वेळेला पळापळ होत नाही.