पायथन आणि आत्याचे फोटो

दोस्तांनो, पायथन म्हटलं की डोळ्यांपुढे अजगर येतो ना? पण संगणकाच्या या भाषेचा अजगराशी संबंध नाही. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसाने ती १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली केली. नाव ठेवलं ते ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या विनोदी मालिकेवरून!

मी ती शिकायला घेतली आत्याच्या फोटोंसाठी. २०१९ च्या महापुरात सांगलीला तिच्या घरात पाणी शिरलं. अल्बम भिजले. चिकटलेले फोटो हलकेच सोडवून, सावलीत वाळवून भाचीने मोबाईलवर टिपले. एकूण २१४. मूळ कागदांचे रंग पुढे उडतच गेले. म्हणजे फोल्डरमध्ये होतं तेवढंच आता शिल्लक!

नातेवाइकांना पाठवायचे तर फोटो फार जड. एकेकात ४००० गुणिले ३०००, म्हणजे तब्बल १ कोटी २० लाख ठिपके. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तर ठिपके किती उरतील? निम्मे? छे, पाव! गुणाकार करून बघा.

पायथनला एकदाच सांगायचं: फोल्डरमधली एकेक फाइल घे, उघड, लहान कर, ठेवून दे. चित्रांच्या कामासाठी ‘पिलो’ नावाचं तयार साहित्य फुकट मिळतं. सगळ्या मिळून दहा-बारा ओळी.

त्या वाचून भाचीने विचारलं, “मामा, लहान फोटो त्याच नावाने त्याच जागी ठेवला, तर मोठ्याचं काय होईल?”

काय होणार? पुसला जाईल! संगणक दमत नाही, तसाच तो “नक्की ना?” असंही विचारत नाही. सांगितलेली चूक तो २१४ वेळा इमानाने करील.

म्हणून आधी मूळ फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. लहान फोटोंसाठी वेगळा फोल्डर केला. मग एकाच फोटोवर प्रयोग. बघतो तर उभा फोटो आडवा! मोबाईल कसा धरला होता, याची नोंद फाइलमध्ये वेगळी असते. नव्या फाइलमध्ये ती आलीच नव्हती. आधी ती नोंद वाचून फोटो सरळ करणारी एक ओळ वाढवली आणि मगच बाकीच्या २१३ फोटोंकडे वळलो. चहा निवायच्या आत काम फत्ते!

तुमच्याही घरी फोटोंचा ढीग असेलच. आईबाबांना विचारा, पाच फोटोंच्या प्रती काढा आणि करून पाहा. मूळ फोटोंना मात्र हात लावायचा नाही, बरं का!