अर्धी मैना

आई विड्या वळताना ‘माझी मैना गावावर राहिली’ गुणगुणत असे. निपाणी भागातल्या इतर बायकांप्रमाणे तिच्याही मांडीवर सदा सूप. वडील मुंबईत गिरणीकामगार. हे आईचेच गाऱ्हाणे, अशी माझी बालसमजूत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे वडील वळकटी घेऊन कायमचे गावी आले. त्यानंतर आईच्या तोंडून ते गाणे ऐकल्याचे आठवत नाही.

एम. ए. ला ‘फकिरा’ अभ्यासली. तिच्याच लेखकाची ही छक्कड मात्र विसरून गेलो. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबई गाठणारे अण्णा भाऊ साठे, १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणारे शाहीर! गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी एका तरुण शिक्षकाने ही छक्कड निवडली, तेव्हा ती प्रथमच संपूर्ण वाचली. गरिबीने ताटातूट केलेल्या नवरा-बायकोची कथा सांगता सांगता शाहीर एकदम वळतो. मैनेची गत तीच महाराष्ट्राची, असे म्हणत बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावे घेतो. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आम्ही राहिलो ते राहिलोच.

मी मुख्याध्यापक. उगाच वाद नको, म्हणून उत्तरार्ध गाळायला सांगितला. गाणाऱ्यांत सर्वांत सुरेल गळा एका कानडी घरातल्या मुलाचा. तो म्हणाला, “सर, मग गाणं अर्धंच राहतंय की.” मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

कार्यक्रम रंगला, टाळ्या पडल्या. रात्री घरी आई म्हणाली, “फुडचं का म्हनलं न्हाईत रं पोरं?”

मी चकित झालो. “तुला पुढचं येतं? तू तर कधी म्हटलं नाहीस.”

“तुझे बाबा म्हनायचे. मला माझ्यापुरतं पुरं हुतं.” थोडे थांबून ती म्हणाली, “माझा मानूस घरी आला. माझं गानं सपलं. तुमचं कुठं सपलंय?”

मला उत्तर सुचले नाही. त्या कानडी पोराला जे कळले, ते मला साठीकडे झुकल्यावर आईने सांगावे लागले. भीती त्या पोराला नव्हती. ती मला होती.

यंदाच्या संमेलनात छक्कड पुन्हा आहे, पूर्ण. म्हणणार तोच मुलगा. आईला पहिल्या रांगेत बसवायचे ठरले आहे.