लासुर्ण्याहून रेल्वे स्थानकापर्यंत

बारामती–इंदापूर रस्त्यावरील लासुर्णे हा उसाचा, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला परिसर. संत तुकाराम महाराजांची पालखी सणसरचा मुक्काम आणि बेलवाडीचे रिंगण आटोपून याच वाटेने पंढरपूरकडे जाते. जवळच्या एका गावाचे नावच ‘जंक्शन’ आहे. पण आगगाडी पकडायची तर बारामती, भिगवण किंवा दौंड गाठावे लागते. पुण्याच्या रुग्णालयात निघालेल्या वृद्धाचा प्रवास म्हणून घरच्या वाहनाने सुरू होतो, आणि पहिली अडचण स्थानकाच्या दाराशीच उभी राहते. वाहन लावायचे कुठे?

दौंड ते पुणे हे अंतर सुमारे 75 किलोमीटर. विद्युतीकरणानंतर मार्च 2017 मध्ये या मार्गावर डेमू गाडी सुरू झाली. रोज पुण्यास जाणारा नोकरदार पहाटे दुचाकी लावतो व रात्री परत नेतो. बाजारातील जागा तासाभरात रिकामी होते. स्थानकावरील जागा मात्र एकदा भरली की दिवसभर अडते. उशिराच्या गाडीने जाणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला उरते ते लांबचे टोक, किंवा उताराच्या तोंडाशी दाटलेल्या दुचाकी. त्यात नोकरदाराचा दोष नाही. त्यालाही दुसरी जागा नसते.

याचा खरा भार सोबत्यावर पडतो. आईला दाराशी उतरवून वाहन लावण्यास जावे, तर ती गर्दीत एकटी. बरोबर न्यावे, तर तिची पायपीट. गुडघ्याची झीज, दम लागणे किंवा तोल जाणे असेल, तर ती पायपीटच दिवसाची सारी शक्ती खर्च करते. चालताना पोटरीत कळ येऊन थांबल्यावर ती ओसरत असेल, तर तो केवळ थकवा समजू नये; पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. डॉक्टरांस अवश्य सांगावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 मध्ये रेल्वे स्थानकांवरील सुगम सोयींत वाहनतळाचाही उल्लेख आहे. दिव्यांगांसाठी राखीव जागा आणि तेथून इमारतीपर्यंत न घसरणारी वाट या रेल्वेच्याच ठरलेल्या सुविधांपैकी आहेत. राखीव जागा अडलेली दिसल्यास स्थानक अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी, किंवा 139 क्रमांकावर कळवावे.

तोवर काही पथ्ये पाळता येतील. शक्यतो दोघे सोबती असावेत. एकाने वाहन पाहावे, दुसऱ्याने रुग्णाजवळ थांबावे. सोबती एकच असेल, तर रुग्णास दाराशी उभे न ठेवता बाकावर बसवून मगच वाहन लावण्यास जावे. औषधे, तिकीट, पाणी आणि दूरध्वनी रुग्णाच्याच पिशवीत असावेत. मधुमेह असल्यास साखर किंवा बिस्किटे जवळ ठेवावीत. दौंडला मुख्य स्थानकाखेरीज ‘दौंड कॉर्ड लाईन’ हे वेगळे स्थानक आहे. आपली गाडी कोठे थांबते, हे घरूनच पाहावे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाहनच न नेणे. एसटीत 75 वर्षांवरील नागरिकांस ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे, तर 65 ते 75 वयोगटास अर्धे भाडे. प्रकृती साथ देत असेल व गाडीच्या वेळेशी मेळ बसत असेल, तर बारामतीपर्यंत एसटी व पुढे स्थानकापर्यंत रिक्षा ही जोडी अधिक निवांत ठरते.

लासुर्ण्यावरून दरवर्षी सत्तरी ओलांडलेले वारकरीही चालत जातात. त्यांची वाट लांब असते, पण तीत ठरावीक विसावे असतात. स्थानकाची वाट शंभर पावलांची असली, तरी वृद्धांना तेवढाच विसावा आणि मोकळी जागा हवी असते.