दोरीतला झोल

सत्तावीस वर्षं मी टोचन केलं ते पुढच्या गाडीत बसून. मागच्या बंद गाडीत माझा मेव्हणा असायचा. गेल्या दिवाळीनंतर तो गेला. आता पुढची पिकअप त्याचा मुलगा चालवतो आणि मागे मी बसतो. मागे बसलो त्या पहिल्याच दिवशी कळलं, की मला या कामातलं अर्धंच येत होतं.

हुक कुठे लावायचा, अंतर पाच मीटरच्या आत कसं ठेवायचं, हे लाइनीतल्या कुणालाही ठाऊक असतं. काम अडतं ते झोलापाशी. पुढचा जरा हळू झाला की मागची गाडी सरकते आणि दोरी सैल होऊन रस्त्याला टेकते. त्याने पुन्हा वेग घेतला की झोल संपतो आणि सगळा झटका हुकावर बसतो. मी वर्षानुवर्षं दोष दोरीला दिला. सुती दोरखंड झाला, नायलॉनचा पट्टा झाला, वायर रोप झाला, शेवटी लोखंडी रॉड केला. रॉडने झटका गेला, पण उतारावर मागची गाडी ढकलायला लागली. मागच्याने ब्रेक धरला नाही, तर रॉड काय आणि दोरी काय, सारखंच.

खरं उत्तर मेव्हण्याच्या पायात होतं. टोचनात पुढचा गाडी ओढतो, पण दोन्ही गाड्या थांबवतो मागचा. पुढच्याने फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. मागच्याने ब्रेक असा धरायचा, की दोरी ताणलेलीच राहिली पाहिजे. तो चप्पल काढून अनवाणी पायाने पेडल दाबायचा. नजर माझ्या टेललाइटवर नसायची, दोरीवर असायची. “दाजी, दोरी आधी सांगते, तुमची गाडी नंतर,” असं म्हणायचा. मी ऐकून सोडून द्यायचो.

एकदा रात्री मंचरहून परतताना खेड घाटाच्या माथ्यावर एक इंडिका बंद पडलेली दिसली. पाऊस होता. राजगुरुनगरच्या गॅरेजपर्यंत आम्ही ती एकही झटका न बसता उतरवली. मालक मला म्हणाला, “काय हात आहे तुमचा!” मी ते कौतुक घेतलं. मेव्हणा बाजूला उभा राहून उजवी मांडी चोळत होता. इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांत बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. परवा भोसरीच्या उड्डाणपुलावरून उतरताना माझी स्वतःची मांडी थरथरली, तेव्हा ती रात्र आठवली.

जूनमध्ये पिंपळे सौदागरचा एक तरुण आला. त्याने पिकअपच्या हौद्यावर राहायची खोली बांधून घेतली होती. कोकणात खोली एका जागी उभी करायची आणि गल्लीबोळांत फिरायला मागे जोडलेली मारुती 800 वापरायची, असा त्याचा बेत होता. भोसरी एमआयडीसीतून त्याने ए आकाराचा रॉड करून आणला होता. अमेरिकेत हे सर्रास चालतं. स्टिअरिंग मोकळं ठेवलं की पुढची चाकं आपसूक मागोमाग वळतात. फक्त रिव्हर्स घेता येत नाही, चाकं एका बाजूला मुडपतात. शिवाय खोली बंपरच्या मागे लोंबत असेल, तर रॉडची जोडणी लांब न्यावी लागते आणि मागची गाडी तेवढी जास्त झुलते.

मी विचारलं, “मागे कोण बसणार?”

“कुणी नाही, काका. तिकडे ड्रायव्हरच्या सीटपुढे एक पेटी ठेवतात, ती ब्रेकचं पेडल दाबते.”

मी त्याला नाही म्हटलं. धडधाकट गाडी अशी ओढायला आपल्याकडे मुभा नाही. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायची, तीही मागे लायसन्सवाला माणूस बसवून, नाहीतर पुढची चाकं उचलून. तो गेला, पण ती पेटी माझ्या डोक्यातून जाईना. ज्या कामासाठी तिकडे खास यंत्र करतात, ते काम माझा मेव्हणा पायाने करत होता आणि मी त्याला हेल्परचा पगार देत होतो.

बंद गाडी ट्रकवर चढवून नेणाऱ्या फ्लॅटबेडवाल्यांवर माझा राग होता, तो आता उरला नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकांवर ओढली तर आतले भाग कोरडे घासतात. इलेक्ट्रिक गाडीची मोटर तर चाकांबरोबर फिरत राहते. असं गिऱ्हाईक मी स्वतः त्यांच्याकडे पाठवतो. राग येतो तो चाकणच्या रस्त्यावर मिळेल ती दोरी बांधून मागे कुणाही पोराला बसवणाऱ्यांचा. त्या पोराला स्टिअरिंग धरता येतं, एवढंच बघतात. ब्रेक कुणी शिकवलेला नसतो.

पिंपळे गुरवच्या आमच्या गॅरेजवर माझ्या एकट्याच्या नावाची पाटी आहे. लोकांनी ते नाव घ्यावं म्हणून ती मी हौसेने मोठ्या अक्षरांत करून घेतली होती. परवा पेंटरला बोलावलं. मेव्हण्याचं नाव आधी येईल, माझं खाली. माझ्या लाइनीतल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे : टोचन करताना तुमच्यातला जाणता माणूस मागे बसवा आणि पैसे त्याला जास्त द्या.