टेप बंद करा, मास्तर

गेले अकरा दिवस माझ्या टेबलावरचा संगणक मी बंद केलेला नाही. रात्री त्याचा पंखा घुरघुरतो आणि निळा दिवा भिंतीवर पडतो. पत्नीची तक्रार विजेच्या बिलाची नाही. खोलीत कुणीतरी परके बसले आहे असे तिला वाटते. तिचे अगदीच चुकते असे नाही. कुठला तरी परका माणूस माझ्याकडून काही घेत बसला आहे, आणि त्याचे घेऊन होईपर्यंत माझा हात बटणाकडे जात नाही.

हे देणेघेणे ज्या पद्धतीने चालते तिचे नाव बिटटोरंट. ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन तरुणाने ती २००१ साली काढली. त्याच वर्षी नॅपस्टर बंद पडले. नॅपस्टरमध्ये गाणी ज्याच्या त्याच्या घरी असत, पण कुणाकडे काय आहे याची यादी एकाच ठिकाणी होती. न्यायालयाने ते ठिकाण गाठले आणि कारभार आटोपला. कोहेनच्या पद्धतीत मधले कोठारच नाही. जे द्यायचे त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला अंगठ्याच्या ठशासारखी आकड्यांची खूण असते, त्यामुळे कुणी खोटा तुकडा सरकवला तर तो लगेच ओळखू येतो. आणि एक तुकडा हाती पडला रे पडला की तो दुसऱ्याला द्यायला लागायचे. पंगतीत जेवता जेवताच शेजारच्याच्या पानात वाढावे, तसा हा प्रकार. सगळे घेऊन झाल्यावरही जो देत राहतो त्याला 'सीडर' म्हणतात, म्हणजे पेरणारा. घेऊन पसार होणारा तो 'लीच', जळू. मी पुष्कळ वर्षे जळू होतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

बारा वर्षांपूर्वी एका जुन्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणासाठी मी असाच टपून बसलो होतो. देणारा जगात एकच होता. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गाडी अडली ती तीन आठवडे हलली नाही. मग एका रात्री, कुणास ठाऊक कुठल्या गावी, त्या गृहस्थाने आपला संगणक उघडला आणि उरलेले दोन टक्के माझ्याकडे आले. मी लगेच माझे यंत्र बंद केले आणि चहा प्यायला गेलो. पुन्हा तो देणारा दिसला नाही. त्याचे नाव मला ठाऊक नाही. आभार मानायची सोयही नव्हती. आपल्याकडे गुप्तदान म्हणतात ते हेच, असे तेव्हा मला वाटले.

पण हे दान गुप्त नसते, हे मागाहून कळले. देणाऱ्याघेणाऱ्यांच्या घोळक्यात प्रत्येकाच्या जोडणीचा क्रमांक बाकीच्या सगळ्यांना दिसतो. दिसल्यावाचून तुकडा पोचवायचा कुठे? अशाच देवघेवीतले क्रमांक टिपून अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी २००३ साली लोकांवर खटले भरले. पहिल्याच खेपेत न्यूयॉर्कची बारा वर्षांची एक मुलगी सापडली. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले. माझा पुतण्या म्हणतो, "काका, व्हीपीएन घ्या, कुणाला पत्ता लागणार नाही." म्हणजे महिन्याच्या भाड्याने बुरखा घ्यायचा. त्या भाडेकऱ्यांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवा असा हुकूम आपल्या सरकारने २०२२ साली काढला, हे त्याच्या गावी नाही.

बुरखा खरोखर जाड केला तर काय होते, ते जपानात दिसले. तिथल्या एका फलकावर लोक नाव न घालता लिहीत. २००२ साली तिथे एकाने लिहिले की, अशी देवघेव नाव उघड न होता चालेल असे काहीतरी मी करतो. त्याचा मजकूर सत्तेचाळीसावा होता, म्हणून लोक त्याला 'सत्तेचाळीस' म्हणू लागले. त्याने केलेल्या रचनेचे नाव विनी. तीत तुकडे कुलूपबंद होऊन अनोळखी यंत्रांतून फिरत; मूळ कुणी दिले ते सहजी कळत नसे. २००४ साली पोलिसांनी त्याला धरले तेव्हा कळले की हा इसामु कानेको, तोक्यो विद्यापीठात काम करणारा. २००६ साली पंधरा लाख येन दंड झाला. २००९ साली वरच्या न्यायालयाने सोडले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. २०१३ साली तो गेला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी.

मला सतावते ते मधले. विनीमध्ये एक विषाणू शिरला आणि तो लोकांच्या यंत्रांतले खाजगी कागद बाहेर ओतू लागला. पोलिसांची तपासाची टिपणे, सैन्याची कागदपत्रे, घरगुती छायाचित्रे. एकदा बाहेर पडलेले परत घेता येईना. कारण परत मागायचे कुणाकडे? भोक बुजवता येईल असे कानेकोचे म्हणणे होते, पण खटला डोक्यावर असताना तो नवी आवृत्ती काढू शकला नाही. जो पडदा देणाऱ्याला झाकत होता तोच चोरालाही झाकत होता, आणि ज्याचे गेले तो मात्र उघडा पडला. हे वाचले त्या दिवसापासून मला आमच्या माळ्यावरची पेटी आठवू लागली.

पेटीत अण्णांच्या टेपा आहेत. १९७१ च्या कोजागिरीला मिरजेला आमच्या माडीवर एक बुवा गायले होते. मी नऊ वर्षांचा, तक्क्याला टेकून पेंगत होतो. अण्णा शाळामास्तर, कुणाची तरी ग्रुंडिग मागून आणली होती. टेपेच्या आरंभीच अण्णा भीत भीत विचारतात आणि बुवांचा भरदार आवाज येतो, "घ्या की, चार माणसे ऐकतील." मग तीन तास गाणे. पहाटेच्या सुमाराला बुवा थांबतात, तंबोरा जुळवतात आणि म्हणतात, "आता टेप बंद करा, मास्तर. ही घरातली चीज आहे." अण्णा "हो हो" म्हणतात. आणि त्यानंतर चौदा मिनिटे ती चीज ऐकू येते.

रस्त्यात सापडलेले पाच पैसे आम्हाला परत ठेवून यायला लावणारा हा माणूस! खोक्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात सगळे राग क्रमाने लिहिले आहेत. शेवटची ओळ कोरी. मरेपर्यंत ते या चिजेबद्दल बोलले नाहीत.

मी मनाशी अण्णांचे वकीलपत्र घेऊन पाहिले. भातखंड्यांनी उस्तादांची मने वळवून चिजा मिळवल्या आणि छापून चारचौघांत आणल्या, म्हणून तर त्या आज आपल्याजवळ आहेत. त्यांनीही 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' छापले ते 'चतुर पंडित' या नावाने. पण भातखंड्यांनी झाकले ते स्वतःचे नाव. समोरच्याने "नको" म्हटल्यावर "हो हो" म्हणून यंत्र चालू ठेवले नाही. उलट, ती चीज आता दुसऱ्या कुणाला येते की नाही? टेप चिकट झाली आहे. तिचे चुंबकी द्रव्य सुटून येते. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी राहणार नाही आणि ऐकवायला काही.

दर महिन्याला पैसे भरून गाणी ऐकण्याच्या या काळात टोरंटच्या वाटेला कोण जातो, असे पुतण्या विचारतो. बरोबर आहे. घोळके विरळ झाले आहेत. पण त्या विकतच्या भांडारात बुवा नाहीत, आणि जे आज आहेत ते करार संपला की उद्या नसतात.

अकरा दिवसांपूर्वी मी बुवांच्या परवानगीचे तीन तास घोळक्यात सोडले, बुरखा न घेता. चौदा मिनिटे तेवढी कापून ठेवली. कापताना लक्षात आले की "टेप बंद करा" हे वाक्यही मी कापतो आहे, म्हणजे पुढे काही होते हे कुणाला कळू नये अशी माझीही व्यवस्था चालली आहे. ते वाक्य मी परत जोडले.

बुवांचे नातू कोल्हापूरला असतात. त्यांना पत्र लिहायला चार दिवस लागले. मजकूर अर्ध्या पानाचा; अडले ते खालच्या सहीपाशी. शेवटी माझे नाव घातले, अण्णांचे घातले, मिरजेच्या घराचा पत्ता घातला, आणि मंगळवारी पत्र टाकले. उत्तर अजून नाही. तिघांचे घेऊन झाले आहे. चौथा एकसष्ट टक्क्यांवर आहे. त्याची जोडणी रात्री दोननंतरच जागी होते असे दिसते.